समुद्रातून काढलेला माणूस

९ जानेवारी १८१०, मंगळवार

तोंडाने बोलायची सोय उरली नाही, म्हणून लिहायला बसले. घरात परका माणूस पडला आहे आणि मला जे बोलायचं आहे ते नेमकं त्याच्याच कानावर जाता कामा नये. पाद्रीबाईंकडे कामाला होते तेव्हा त्यांनी मला अक्षरं शिकवली, ती प्रार्थना वाचण्यासाठी. मी त्यांच्या अक्षरांचं हे काय करून ठेवलंय ते बघायला त्या नाहीत, तेवढं बरं.

सकाळी आरमाराचं जहाज सुळ्यांवर चढलं. सुळे म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरचे खडक. भरतीला दिसत नाहीत, ओहोटीला दात विचकतात. आम्ही धावत खाली पोचेपर्यंत जहाजाचा भुगा झाला होता. सगळं गाव किनाऱ्यावर उभं. बेटावर झाड म्हणून नाही, त्यामुळे फळी वाहून आली की सगळे हजर असतात. पाण्यात मात्र कोणी उतरत नाही. समुद्राच्या तोंडातून माणूस काढला तर समुद्र काढणाऱ्याच्या घरातला नेतो, हे इथे लेकराला चालता यायच्या आधी कळतं. म्हणून आम्ही फळ्यांकडे बघतो, माणसं ओरडतात तिकडे बघत नाही. मी अशी पुष्कळ वेळा उभी राहिले आहे आणि घरी येऊन जेवलेही आहे.

आणि आज माझा नातू गिडी माझ्या अंगावरून धावत गेला, कमरेला दोर बांधून पाण्यात शिरला आणि एकाला केसांना धरून बाहेर काढला.

त्याने किनाऱ्यावर यायचंच नव्हतं. आरमाराचं शीड दिसलं तेव्हाच मी त्याला बिळात घातलं होतं. बीळ म्हणजे घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींमधली पोकळी. माझ्या म्हाताऱ्याने डच दारू लपवायला केली होती. गाईच्या गव्हाणीमागून आत शिरायचं, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. एकच माणूस मावतो. धरपकडवाले, म्हणजे आरमारासाठी माणसं जबरदस्तीने उचलणारे, आले की गिडी आत जातो. त्याच्या बापाला, माझ्या जेरमला, त्यांनी मासेमारीच्या होडीतूनच उचलला. तो गेला तो गेलाच. आता घरात पुरुष म्हणून गिडी. तो गेला तर होडीत वल्हं मारायला आमचं कोणी नाही, आणि ज्या घरचं वल्हं नाही त्याला जमीनमालक जमिनीवर राहू देत नाही. म्हणजे मी, सून ब्रेटा आणि गाय, तिघी रस्त्यावर.

आम्ही खडकांना वळसा घालून त्यांच्यापाशी पोचलो तोवर काढलेला माणूस वाळूवर पडला होता. अंगात निळा कोट, पितळेची बटणं. आरमाराचा साहेब. पाय गुडघ्याखाली मोडलेला.

गिडीला म्हटलं, "काढून काढलास तो हा?"

तो थंडीने इतका कुडकुडत होता की उत्तर आलं नाही. त्याला मागच्या मागे पिटाळला. साहेबाने डोळे उघडायच्या आत पोरगा बिळात गेला होता.

१० जानेवारी

मेलेल्यांना वरच्या गवतात पुरलं. एकजण गोरापान, हात लोण्यासारखे, पायात रेशमी मोजे आणि अंगात नुसता सदरा. कोणी म्हणालं साहेब असेल. मी म्हटलं, साहेब आमच्या घरी आहे, हा कारकून असेल. बाकी सगळे दणकट, गरीब दिसणारे. त्यांच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

हाकी शेजारी फळ्या रचत होता. माझ्या म्हाताऱ्याच्या होडीत वल्हं मारायचा तो. मला वहिनी म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. त्याला म्हटलं, "तुझं घर मोठं आहे. साहेबाला तुझ्याकडे घेऊन जा."

"नाही बुवा. ज्याने काढला त्याने ठेवावा."

"आणि गिडीला कुठे ठेवू? तुझ्या दाढीत?"

"वहिनी, त्याच्या मागे समुद्राचं देणं लागलंय. ते मी माझ्या उंबऱ्याच्या आत घेऊ? माझी दोन पोरं आधीच कड्याखालच्या गुहेत बसलीत, त्या बटणवाल्याच्या भीतीने."

दुसऱ्या दारी गेले, तिथेही तेच. तिसऱ्या दारी तर मला बघून अडसरच घातला. खाडीपलीकडे मोठ्या बेटावर पाद्री आहे, त्याच्याकडे पोचवता येईल, पण खाडीत लाटा अशा की हाकीसुद्धा होडी घालायला तयार नाही. म्हणजे समुद्र शांत होईपर्यंत साहेब माझ्या पलंगावर आणि नातू त्याच पलंगामागच्या भिंतीत. मध्ये हातभर दगड.

दुपारी साहेब जागा झाला. शेकोटीवर वाळत घातलेल्या कोटाकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारतो, "हा कोट कोणाचा?"

म्हटलं, "तुमचाच, साहेब." डोक्याला मार लागलेला दिसतोय.

त्याने पुन्हा विचारलं, "जहाजावरचं आणखी कोण वाचलं?"

"कोणी नाही."

त्याने डोळे मिटून घेतले. नाव विचारलं तर तेही चटकन आठवेना बिचाऱ्याला. थोड्या वेळाने म्हणाला, हॅथर्ली. लेफ्टनंट हॅथर्ली.

१३ जानेवारी

वारा तसाच. उजेड दाखवल्यासारखा येतो आणि जातो.

साहेब आहे पण रीतभात नाही. वाडग्याभोवती हात टाकून जेवतो, जसं कोणी ओढून घेईल. भाकरी दिली की आधी फळीवर दोनदा आपटतो आणि मग तोंडात घालतो. पहिल्यांदा मला कळेना. मग लक्षात आलं, किडे झटकतोय. माझ्या सातूच्या भाकरीत किडे. ब्रेटाने माझा हात धरला म्हणून गप्प बसले. इंग्रज साहेब म्हणजे असेच, दुसऱ्याच्या घरात भाकरी झटकून खाणार.

हात बघितले. तळव्यांच्या भेगाभेगांत डांबर. फुटलेल्या जहाजाचं डांबर असं मुरतं की साबणाने निघत नाही.

रिकामपण मात्र त्याला सोसत नाही. गवताचा दोर वळत होते तर म्हणाला, "आजीबाई, इकडे द्या." आणि असा वळला, की माझ्या म्हाताऱ्याला तसा जन्मात जमला नाही. चुलीत जाळायच्या पीटच्या विटा वाहायची पाटी फुटली होती, तिला नवे कान लावून दिले. शाळेत शिकवत असतील त्यांना.

गिडीला गव्हाणीमागून भाकरी आणि सुका मासा देते. साहेबाला झोप लागली की पोरगा गोठ्यात येऊन पाय मोकळे करतो. बोलणं नाही. काल मी कानात विचारलं, कसा आहेस, तर म्हणतो, "आजी, गाय माझ्यापेक्षा ऐसपैस राहते."

१५ जानेवारी

ब्रेटाने साहेबाची पाठ पुसली. बाहेर आली ती ओठ आवळून.

"काय झालं?"

"पाठीवर वळ आहेत, आई. जुने. आडवे, सगळे एका दिशेचे."

"खडकावर घासला असेल."

"खडक असा ओळीत मारतो?"

"खडकाला तू शिकवणार का कसं मारायचं ते?"

ती फडकं पिळायला लागली. ही बाई गप्प बसते तेव्हा मला जास्त राग येतो. लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच. जेरमला नेलं त्या दिवशीसुद्धा हिने जाळंच दुरुस्त केलं.

१८ जानेवारी

आज संपलंच होतं सगळं.

साहेब दोर वळत बसला होता, मी मोजा विणत होते. आणि भिंत खोकली. एकदा, मग पुन्हा. मी लगेच वरून खोकले, घसा खरवडून, जीव जाईल असं वाटेपर्यंत. सुया पाडल्या. मग म्हटलं, गाईला पण ओलं बाधलंय.

साहेब हातातल्या दोराकडे बघत म्हणाला, "तुमच्या गाईला फार दिवस थंडीत ठेवलंत, आजीबाई. तिला शेकोटीपाशी आणा."

नुसतं एवढंच. पण गाय घरात आणा असं आजवर कोणी साहेब बोलला आहे? त्याला कळलंय. कळून टोमणा मारला. आता तो पाय बरा होईपर्यंत गोड बोलणार, आणि जहाज आलं की पहिलं बोट भिंतीकडे दाखवणार.

मोज्याचे टाके सुटले. उसवून परत घातले.

१९ जानेवारी

हाकीला सांगितलं. नसतं सांगायचं, पण सांगितलं. जीभ आहे, ती पोटात ठेवून ठेवून सुजली होती.

हाकी पाण्याच्या कडेला उभा होता. लाटांकडे बघत म्हणाला, "लंगड्या माणसाला उन्हात बसवायला खडकावर आणला. तोल गेला. कोण काय विचारतंय?"

"हाकी."

"तू ऐकून घे. जे समुद्राचं होतं ते समुद्राला जाईल. तुझ्या घरावरचं देणं फिटेल. गिडी बाहेर येईल, माझे दोघे बाहेर येतील. तुला काही करायचं नाही. तू फक्त त्या वेळी ब्रेटाला घेऊन पीट आणायला जा."

मी नाही म्हटलं नाही. इथे खोटं लिहून उपयोग काय. मी म्हटलं, विचार करते. आणि घरी येऊन साहेबासाठी कोबीची पानं घालून मासा शिजवला, नीट, मीठ बघून.

२१ जानेवारी, रविवार

गिडीला ताप आहे. गव्हाणीमागून हात घातला तर त्याचं कपाळ भाकरी भाजायच्या दगडासारखं तापलेलं. बिळाची भिंत घामेजलेली. तो तिथे राहिला तर आतच मरेल. बाहेर काढला तर साहेब बघेल. आणि बाहेर मोकळ्या गोठ्यात ठेवला तर ह्या वाऱ्यात तेही मरणच. तिन्ही बाजूंनी दगड आणि चौथ्या बाजूला हाकी.

ब्रेटा सकाळपासून माझ्याकडे बघत नव्हती. ती गोठ्यात गेली आणि मी हाकीला उद्या ये म्हणून निरोप पाठवावा असा विचार करत होते, तेवढ्यात साहेब बोलला.

"आजीबाई, त्याला बाहेर काढा."

मी म्हटलं, "कोणाला?"

"मी भिंतीकडे तोंड करून झोपतो. मला काही दिसत नाही. कानात पाणी गेल्यापासून ऐकूही कमी येतं."

आणि त्याने मोडका पाय दोन्ही हातांनी उचलला, कूस बदलली आणि खरंच पाठ फिरवली.

मी जागची हलले नाही. हा सापळा आहे हे मला दिसत होतं. पण ब्रेटा दारातच उभी होती. तिने ऐकलं. वळली, गव्हाण ओढली आणि पोराला काखेत धरून घरात आणला, सरळ शेकोटीपाशी. मी म्हटलं, तुला वेड लागलंय. ती म्हणाली, "लागू दे."

२३ जानेवारी

दोघे एका घरात. साहेब अजून भिंतीकडे तोंड करून असतो. जेवायलासुद्धा वाडगा तिकडे वळवून घेतो. असं नाटक मी पाहिलं नाही.

गिडीचा ताप जरा उतरला. मी साहेबाला म्हटलं, साहेब, दूध घ्या, तर गिडी पांघरुणातून हसला.

"आजी, कोणाला साहेब म्हणतेस?"

"गप. तापात बरळू नको."

"अगं, तो..."

ब्रेटाने त्याच्या तोंडाला पाण्याचं भांडं लावलं. "पी आधी," म्हणाली. पाणी पिऊन तो झोपला.

दुपारी हाकी आला, बरोबर पुतण्या. हातात काही नव्हतं, पण तोंडावर सगळं होतं. मी दारात उभी राहिले.

"साहेबाला उन्हात बसवायचंय ना?" हाकी म्हणाला.

"ऊन कुठे आहे?"

"वहिनी, ठरलं होतं."

"मी विचार करते म्हटलं होतं. अजून करतेय. मी सावकाश विचार करते, मला शिक्षण कमी आहे."

"तो सगळ्यांची नावं देईल. मग तू रड बसून."

"रडेन. तुझ्या दारी येऊन रडेन, काळजी करू नको. भाकरी खाऊन जाता का? साहेब आहेत आत, ते झटकून देतील."

पुतण्या हसला. हाकी नाही हसला. पण गेला. मी का अडवला ते मला सांगता येणार नाही. पाठ फिरवून पडलेल्या माणसाला उचलून न्यायचं म्हणजे काहीतरी वेगळंच वाटलं. एवढंच. आणि आता रात्रंदिवस हेच वाटतं, की नातवाला मी स्वतःच्या हाताने विकला.

२८ जानेवारी, रविवार

गिडी उठून बसतो. साहेबाने भिंतीकडे तोंड करणं सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. दोघे कुजबुजतात. मी आत आले की थांबतात. ब्रेटाही त्यांच्यात. काल मी सरळ विचारलं, "मला घरातून काढलंय का?"

ब्रेटा म्हणाली, "आई, तुम्हाला एक गोष्ट सांगितली की संध्याकाळी ती हाकीच्या चुलीवर शिजते."

"कधी शिजली?"

तिने फक्त बघितलं. हाकीचं तिला कळलं की काय, कोण जाणे. मी विषय वाढवला नाही.

साहेब गिडीला गाठी शिकवतो. एका हाताने, डोळे मिटून बांधायच्या. गिडी म्हणतो, ह्या आम्हाला येतात. साहेब म्हणतो, ही येत नाही. आणि खरंच ती येत नव्हती.

गिडीला साहेब फार आवडलाय असं दिसतं. धरपकडवाले असेच असतात. आधी आवडतात.

१ फेब्रुवारी

वारा पडला. खाडी काळी आणि सपाट, तव्यासारखी. एवढे दिवस ह्याच्यासाठी डोळे लावून बसलो आणि आज बघवेना. हाकीची होडी पलीकडे गेली. म्हणजे बातमी गेली, की इथे एक साहेब जिवंत आहे.

ब्रेटाने बीळ कोरडं केलं, नवीन गवत घातलं. साहेब पाय टाकून बघत होता. टेकत नाही. तिने विचारलं, "तुम्ही कड्याखाली गुहेपर्यंत तरी जाल का?" तो म्हणाला, "मी उंबऱ्यापर्यंतही जात नाही, ब्रेटा." नावाने हाक मारतो तिला.

साहेबाने गुहेत कशाला जायचं? मी विचारलं. ब्रेटा गवताचा भारा उचलून गोठ्यात गेली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आरमाराचं लहान गलबत सकाळी आलं. मी खडकावर शिंपल्या काढत होते. टोपली टाकून धावले, पण ह्या वयात धावणं म्हणजे काय, ते माझ्या आधी दारात. एक तरुण अधिकारी, मिशीसुद्धा धड न फुटलेला, आणि सहा खलाशी, हातात कट्यारी. साहेबाला न्यायला आले आणि आलेच आहोत तर झडती पण घ्यायची. त्यांना काय, लोक गोळा करायचे असतात. एकजण पीटच्या ढिगात कट्यार खुपसत होता. दुसरा गोठ्यात. गाय ओरडली.

मी आत शिरले तर गोठ्यातला खलाशी गव्हाण ओढत होता, आणि गव्हाणीमागे गिडी. ब्रेटा चुलीपाशी उभी, हातात उलथनं, चेहरा राखेसारखा. मी मनात म्हटलं, आता ह्या लंगड्याने एक शब्द काढायचा अवकाश.

आणि साहेब बोलला. बाकावर बसला होता, कोटाची सगळी बटणं लावून, पाय पुढे ताणून. पण असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तिथे काय चाललंय? कोणी सांगितलं तुम्हाला घरात शिरायला?"

खलाशी जागीच ताठ झाले. तरुण अधिकाऱ्याची टोपी हातात आली.

"मी लेफ्टनंट हॅथर्ली," साहेब म्हणाला. "ह्या घरात दोन बायका आणि एक गाय आहे. मी इथे जहाज फुटल्यापासून पडून आहे, मला नाही कळणार? मला थंडी वाजतेय, पाय सडतोय, आणि तुम्ही गाईचं गवत उपसताय. मला उचला."

"पण साहेब, नेहमीची झडती..."

"उचला म्हटलं."

दोघांनी हाताची खुर्ची केली. गव्हाण अर्धी ओढलेली तशीच राहिली. दारात मी उभी होते. तो मला म्हणाला, "बाजूला हो, म्हातारे," आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांची होडी गलबताकडे गेली तेव्हा मी ब्रेटाला म्हटलं, "बघितलंस? मी म्हणत होते ना, साहेब तो साहेब. आवाज ऐकलास? पण मनाचा चांगला निघाला, ते मान्य करते."

ब्रेटा चुलीसमोर खाली बसली आणि रडायला लागली. जेरमच्या वेळी रडली नाही ती.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गिडीने सांगितलं. बिळातून बाहेर आला आणि उभ्या उभ्या सांगितलं.

तो साहेब नव्हता. नाव एनॉक. कोळशाच्या जहाजावरचा खलाशी. त्यालाही धरपकडवाल्यांनीच उचलला होता, बंदरात भाकरी घ्यायला उतरला तेव्हा. गिडीने काढला तेव्हा त्याच्या अंगावर फाटका सदरा होता. शेजारी एक मेलेला साहेब पडला होता, त्याचा कोट काढून गिडीनेच ह्याला घातला, ऊब यावी म्हणून. रेशमी मोजेवाला तो. आम्ही कारकून म्हणून पुरला तो.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू मला ढकलत बिळात नेलंस, आजी. सांगू कोणाला, गाईला?"

"मग नंतर?"

"आईने सांगू नको म्हटलं. तू हाकीला सांगितलं असतंस."

मी कशाला सांगितलं असतं, असं म्हणणार होते. नाही म्हटलं.

म्हणजे हाकीला मी ज्याचा जीव जवळजवळ देऊन टाकला, तो आमच्याइतकाच लपलेला होता. आम्ही त्याला भीत होतो, तो आम्हाला. मी साहेब म्हणायची तेव्हा दर वेळी त्याला वाटत असेल, आता पकडलं. आणि भाकरीचं तर काय, त्यांच्या जहाजावर खरंच किडे असतात, गिडी म्हणतो.

बीळ एकाचंच. ते त्यालाही माहीत होतं.

६ फेब्रुवारी

हाकी मोठ्या बेटावरून आला. टोपी काढून आत आला, बरोबर ताजा मासा. इतक्या दिवसांनी ह्या घरात कोणी शेजारी उंबरा ओलांडून आला.

म्हणाला, गलबतावरचा डॉक्टर हॅथर्ली साहेबाला ओळखत होता. चढवल्याबरोबर कळलं. मेलेल्या साहेबाचा कोट लुटला, त्याचं नाव घेतलं, पळून जायचा बेत होता, असा आरोप. बेड्या घालून मोठ्या बेटावर, लर्विकच्या किल्ल्यात ठेवलाय. सोमवारी पुढच्या जहाजाने नेणार. फाशी किंवा चाबूक, लोक दोन्ही म्हणतात.

"समुद्राने आपलं नेलं, वहिनी," हाकी म्हणाला. "तुझ्या घरावर आता काही नाही. पोरं बाहेर आली आमची. मासा घे."

मी म्हटलं, "तुझा मासा तू खा." त्याला कळलं नाही. चुलीपाशी ठेवून गेला.

गिडी सगळं ऐकत होता. हाकी गेल्यावर बूट घालायला लागला.

"कुठे?"

"लर्विकला. कोट मी घातला हे मला सांगता येतं, दुसऱ्या कोणाला नाही. त्याच्या डोक्याला मार होता, तुम्ही त्याला साहेब म्हणत राहिलात, हेही सांगेन. फाशी तरी टळेल."

"आणि तुला बघितल्यावर ते काय म्हणतील? धन्यवाद, घरी जा?"

"नेतील. माहीत आहे."

"मग?"

"मग काय, आजी. त्यालाही माहीत होतं."

मी म्हटलं, ठीक आहे, गाईला पाणी दाखव, मग जा. तो गोठ्यात गेला आणि मी मागून दार लोटून अडसर घातला. गोठ्याच्या बाहेरच्या दाराला बाहेरून आधीच दगड लावून ठेवला होता.

आता त्याच दाराला पाठ लावून बसले आहे. कागद मांडीवर आहे. तो आधी ओरडला, मग लाथा मारल्या, आता नुसता बोलतो. आजी, उघड. आजी, सोमवारच्या आत पोचायला हवं. त्याचा आवाज माझ्या पाठीच्या हाडांतून येतो. खोकला पार गेलाय त्याचा, बरा झालाय पोरगा. मी उघडणार नाही. किल्ल्यातल्या माणसाचं तोंड डोळ्यासमोर येतं, भिंतीकडे वळलेलं, आणि तरी उघडणार नाही. मला वाईट म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

ब्रेटा बाहेरून आली. तिने अडसराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही काढते. किल्ल्यातला माणूस हिचा कोण होता हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तिचा हात अडसरावर गेला. तिथे राहिला. आतून गिडी म्हणाला, "आई, तू आहेस ना? उघड."

तिने हात काढून घेतला. डोळे पुसले नाहीत. माझ्याजवळ आली आणि खाली बसायला जागा शोधू लागली.

मी जरा सरकले. दार दोघींना पुरेल एवढं रुंद आहे.